वाटेत थांबा नाही

१

आमच्याकडे बस ठरवायची तर एकच अर्ज भरावा लागतो. कुठून, कुठे, किती वाजता, किती माणसं, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची गरज. तो अर्ज मी बनवला. परदेशात, ग्रोनिंगेनला, चार वर्षं वाहतुकीचं शिक्षण घेऊन मी घरी, इलोइलोला परत आले ती या अर्जासाठीच, असं म्हटलं तरी चालेल. तिकडे बस दोन मिनिटं उशिरा आली तर लोक घड्याळाकडे बघतात. इकडे बस भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली तरी दारात आणखी दोघं लटकतात. माझे वडील तीस वर्षं अशाच गाड्या चालवत आले. मला ते बदलायचं होतं. अकरा चालक, चार व्हॅन, एक मिनीबस आणि सगळ्यांची मिळून एक सहकारी संस्था. एका जागेवर एकच माणूस. प्रत्येकाला पट्टा, आणि चालकानं प्रत्येक पट्टा स्वतःच्या हातानं तपासायचा. गाडी चालवताना फोन बंद. ओळखीचं कुणी रस्त्यात दिसलं तरी उचलायचं नाही. आणि विमानतळाची गाडी असेल तर ती थेट जाईल, वाटेत थांबा नाही.

हा शेवटचा नियम मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला होता.

मार्चमधल्या एका सोमवारी लिओन गावातून फोन आला. बाईचा आवाज, चाळिशीच्या पुढचा, रडून रडून बसलेला.

"मी रोवेना काबाल्फिन. टोरोंटोहून आलेय. आमची लोला गेली. लोला सियोन. शहाण्णव वर्षांची होती."

मी सांत्वनाचं बोलले. लोला म्हणजे आजी, आणि लिओनसारख्या गावात एखादी आजी अख्ख्या गल्लीची आजी असते.

"आम्ही बावीस जण आलोय," ती म्हणाली. "कॅनडा, दुबई, मिलान, मनिला. शनिवारी दफन, आणि त्याच दुपारी सगळ्यांचं विमान. दफनभूमीच्या फाटकापासून विमानतळापर्यंत एकच गाडी हवी. जमेल?"

"त्यासाठीच आम्ही आहोत, नांग." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मी तिला नांग म्हटलं.

"आणि वाटेत कुठे दहा मिनिटं थांबता येईल का? कुठेही चालेल. पावाच्या दुकानात वगैरे. म्हणजे, तुला माहीतच आहे."

मला माहीत होतं. आमच्याकडे दफनाहून कुणी सरळ घरी जात नाही. लहानपणी मीही तातयबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, अशी थांबले आहे. पंधरा मिनिटं पावाच्या दुकानात उभं राहायचं, काहीतरी खायचं, आणि मग निघायचं. का, ते कुणी विचारत नाही.

मी तिला माझं छोटंसं भाषण ऐकवलं. बावीस माणसं, चाळीसेक पेट्या, एकच रांग. दहा मिनिटांचा पाऊण तास होतो. विमान कुणाच्या श्रद्धेसाठी थांबत नाही. आपल्या लोकांना वेळेची किंमत कळावी म्हणूनच तर आम्ही हे सगळं उभं केलंय.

तिच्या फोनवर मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतेस तसं."

मी 'थांबे' या रकान्यात 'नाही' भरलं.

२

संध्याकाळी भरलेला अर्ज आला. त्यात तेवीस ओळी होत्या.

लिओनमधल्या बहुतेकांची आडनावं एकाच अक्षरावरून सुरू होतात. स्पॅनिश राजवटीत कुणा अधिकाऱ्यानं गावागावाला अक्षरं वाटून दिली होती. त्यामुळे ती यादी वाचताना डोळे घसरतात. काबाल्फिन, कामारिस्ता, काबाल्फिन, कान्यास, काबाल्फिन. मी दोनदा मोजलं. तेविसाव्या ओळीत आडनाव होतं, काबाल्फिन. नावाची जागा रिकामी. पुढे, गरज: खिडकीजवळची जागा. पट्टा लावायला मदत.

माझ्या अर्जात नाव रिकामं ठेवता येत नाही. ते मीच तसं केलं आहे. नाव भरलं नाही तर लाल रेघ येते आणि पुढे जाताच येत नाही.

मी रोवेनाला फोन केला.

"तेवीस? नाही गं इंदाय, मी बावीसच भरले. एकेकाचा पासपोर्ट समोर ठेवून."

इंदाय म्हणजे पोरी. तिच्या तोंडी ते मला आवडलं नाही. मला वाटलं, ही मला गुंडाळतेय. असं होतं. बावीस जागांची गाडी ठरवायची आणि ऐन वेळी कुणा मावशीला शहरापर्यंत आत घुसवायचं. आपल्या लोकांची ही खोड मला पुरती ठाऊक होती.

"मग ती ओळ मी काढून टाकते," मी जरा कडकच म्हणाले.

"काढ की. आमचं कुणी नाही ते."

मी काढली. मंगळवारी सकाळी अर्ज उघडला तर ओळी तेवीस.

३

आमच्या कार्यालयात फोन नांग बेबिंग घेते. साठीची बाई, माझ्या आईची मैत्रीण. आई गेल्यापासून ती माझ्यावर आईचा हक्क गाजवते. तिचं टेबल त्या नियमाच्या पाटीखालीच आहे आणि तिला ते मुळीच मान्य नाही.

"नांग बेबिंग, लिओनच्या यादीत कुणी नाव घातलंय?"

"कोण घालणार? मला ते यंत्र उघडतासुद्धा येत नाही, हे तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतेस ना?"

"मी मस्करी करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?" तिनं चष्मा कपाळावर चढवला. "आधी हे सांग, त्या लोकांना कुठे थांबवणार आहेस?"

"कुठेच नाही. पाटी वाचा."

"पाटी मी रोज वाचते. डोक्यावरच आहे माझ्या." ती खुर्चीत पुढे सरकली. "बावीस जण आले, बावीस जण जाणार. घराला कुलूप. मागे कोण उरलं त्या म्हातारीला? थांबल्याशिवाय निघालात तर ती कुठे जाईल? सोबतच येईल ना?"

"कुठे, टोरोंटोला?"

"पासपोर्ट आहे का तिच्याकडे?" नांग बेबिंग म्हणाली. ती हसली नाही. "इथवर येईल. मग ज्याच्या दारात गाडी थांबेल, त्याच्याकडे."

मिनीबस रात्री आमच्या अंगणात उभी असते. घरात आम्ही दोघंच, तातय आणि मी. नांग बेबिंगच्या डोक्यात काय होतं ते मला कळलं, आणि मला राग आला. माणसाला घाबरवून नियम मोडायला लावायचे, ही इथली जुनी रीत. ओळही तिनंच घातली असणार, मला थांबवायला. मी यादीचं कुलूप बदललं. नवा परवलीचा शब्द कुणालाही सांगितला नाही, आणि तेविसावी ओळ पुन्हा काढून टाकली.

बुधवारी ती तिथे होती. गुरुवारीही. गरजेच्या रकान्यात एक शब्द वाढला होता. खिडकीजवळची जागा, मागची. पट्टा लावायला मदत.

शुक्रवारी मी बावीस ओळींची यादी कागदावर छापली आणि तातयच्या हातात दिली. कागद काही बदलत नाही.

"बावीसच्या वर एकही नाही," मी म्हणाले. "कुणी कितीही हात जोडले तरी."

तातयनी कागदाची चौकोनी घडी करून खिशात ठेवली. "मी काय आज गाडी चालवायला लागलो, इंदाय?"

"तेच तर भय आहे."

ते हसले. तेव्हा हसले.

४

आमची पद्धत अशी. चढताना चालक माणसं मोजतो, आकडा कागदावर लिहितो. उतरताना विमानतळावर मी मोजते. दोन्ही आकडे जुळले की फेरी पूर्ण.

शनिवारी एक वाजून एकतीस मिनिटांनी मिनीबस विमानतळाच्या फाटकातून आत आली. चार मिनिटं आधी. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. पांढरे सदरे, काळी फीत, घामानं भिजलेल्या पाठी. दोन लहान मुलं झोपलेली. मी बोटांवर नाही, हातातल्या मोजणीच्या यंत्रावर मोजते. टिक, टिक, टिक. बावीस.

रोवेनाला मी आवाजावरून ओळखलं. ठेंगणी, नर्ससारखी झटपट चालणारी. तिनं माझा हात दाबला आणि पेट्यांकडे धावली. चाळीस नव्हत्या, त्रेपन्न होत्या. प्रत्येक पेटीवर जाड अक्षरांत नाव, आणि चिकटपट्टीचे वेढे.

तातय पेट्या उतरवायला मागे गेले. जाताना त्यांनी घडीचा कागद माझ्या हातात ठेवला. तळाशी त्यांच्या वाकड्या अक्षरात आकडा होता.

२३.

५

कुणी काही विसरलंय का, हे पाहायला रिकाम्या गाडीत चढणं हे माझं नेहमीचं काम. छत्र्या, चष्मे, मुलांचे बूट. मी पुढून मागे चालत गेले. गाडी तापली होती. आत घामाचा वास होता, मेणबत्तीचा होता, आणि खूप दिवस बंद असलेल्या कपाटासारखा एक वास होता.

सगळे पट्टे सुटून जागच्या जागी लोंबत होते. एक सोडून.

शेवटची रांग, डावीकडची खिडकी. तिथला पट्टा लावलेला होता.

त्यात काही विशेष नाही. मुलं उतरताना गंमत म्हणून पट्टा परत अडकवतात. मी वाकले आणि मग तशीच थांबले. रिकाम्या जागेवर लावलेला पट्टा आसनाला चिकटून बसतो. हा चिकटला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढे, मांडीच्या उंचीवरून गोल फिरून, तो हवेत ताणलेला होता. एखाद्या लहान चणीच्या माणसाभोवती राहील इतकाच.

नवा पट्टा, कडक कापड, मी मनात म्हटलं. उन्हानं ताठ झालाय. डिसेंबरातच तर बदलले सगळे. मी स्वतः निवडले होते.

पट्ट्याच्या आत हात घालून पाहावं असं एकदा वाटलं. मी हात घातला नाही. ज्या मुलीनं चार वर्षं मोजमाप शिकण्यात घालवली, तिनं हात घालायला हवा होता.

त्याऐवजी मी लाल कळ दाबली.

पट्टा सुटला की सटकन मागे जातो. धातूचं टोक खाडकन आपटतं, त्याचा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. हा पट्टा हळूहळू गेला. कुणी तो हातात धरून, दुसऱ्याला लागू नये म्हणून, सावकाश परत सोडावा तसा. आपटला नाही.

मी वळले आणि दारापर्यंत चालत गेले. पळाले नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

६

बाहेर ऊन होतं, माणसं होती, पेट्या ढकलण्याचा खडखडाट होता. उन्हात माझी अक्कल परत आली आणि तिच्याबरोबर राग आला. कोडं सुटलं होतं. तातयनी वाटेत कुणालातरी घेतलं होतं आणि कुठेतरी सोडलं होतं. तीस वर्षांची सवय.

मी त्यांना बाजूला घेतलं.

"कोण होतं तेविसावं?"

"त्यांच्यातलीच म्हातारी. मागे बसली होती." त्यांनी मानेचा घाम पुसला. "फाटकापाशी सगळ्यांच्या शेवटी चढली. दफनाला आलेल्या म्हातारीला खाली उतर कसं म्हणू? डोक्यावरून चर्चमध्ये घेतात तसा पदर घेतलेला. पट्टा लावता येईना तिला. मी लावला. हात गार पडले होते बिचारीचे, एवढ्या उन्हात."

"चेहरा पाहिलात?"

"मी पट्टा पाहत होतो. तुझाच नियम."

"आणि उतरली कुठे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "उतरली कुठे म्हणजे? मी थांबलोच नाही. तूच म्हणालीस, थांबायचं नाही."

"तातय, बावीस उतरले. मी मोजलेत. तेवीस चढले आणि बावीस उतरले, तर मधे गाडी थांबल्याशिवाय कसं? कोण होती? ओळखीची? घ्या म्हणाली, घेतली?"

"तू मला चोर म्हणतेस?"

"मी फक्त आकडे सांगतेय."

त्यांनी नजर खाली वळवली. मला वाटलं, सापडले. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून गाडीच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यात भीती नव्हती. एखाद्या प्रवाशाचं स्टेशन मागे राहून गेल्याचं लक्षात आल्यावर चालकाचा होतो, तसा चेहरा.

"अच्छा," ते हळूच म्हणाले. "असं आहे होय." मग माझ्याकडे वळून, समजावणीच्या सुरात, "हे बघ इंदाय. मागचा पट्टा सोडू नकोस. तसाच राहू दे. मी बघतो काय करायचं ते."

पट्टा मी सोडला होता. पाच मिनिटांपूर्वी. सांगायला हवं होतं. पण मघाशी जे माझ्या तोंडून निघालं होतं ते आमच्या दोघांच्या मधे उभं होतं. शिवाय पट्ट्याबद्दल बोलायचं म्हणजे तो हवेत ताणलेला होता हे मान्य करायचं. मी म्हणाले, "घरी जा. संध्याकाळी बोलू."

त्यांनी टोपी घातली. गाडी सुरू केली. फोन बंद करून समोर ठेवताना मला दाखवला, नियमाप्रमाणे, आणि निघून गेले.

७

काउंटरपाशी रांग सरकत होती. त्रेपन्न पेट्यांचं वजन होईपर्यंत मला थांबावं लागणार होतं. रोवेना माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हातात लिओनच्या घराची किल्ली होती, पितळेची, जुनी. ती नुसती बोटांत फिरवत होती.

"कुणाकडे द्यायची तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "कुणी उरलंच नाही. नेते आता टोरोंटोला."

मी काहीतरी बोलले.

"तुमची गाडी छान आहे," ती म्हणाली. "वडील अगदी काळजीनं चालवतात. आणि मागे ती बाई बसवलीस ते बरं केलंस. मुलांकडे लक्ष ठेवायला, ना?"

"कोणती बाई?"

"तुमची. मागच्या रांगेतली. सारखी खोकत होती बिचारी. तीन कोरडे खोकले, आणि मग घसा साफ करायची. मी माझ्या भावाला म्हटलंसुद्धा, अगदी लोलासारखं खोकतेय बघ."

माझ्या हातातलं मोजणीचं यंत्र घामानं ओलं झालं होतं.

"तुम्ही वळून पाहिलं नाही?"

"दफनभूमीतून निघाल्यावर मागे वळून बघत नाहीत गं." तिनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. फार वर्षं परदेशात राहिलेल्या मुलीकडे बघावं तसं. "बाकी सगळं सुटलं तिकडे जाऊन, हे नाही सुटलं. आमच्यातल्या कुणीच पाहिलं नाही. तुमची बाई आहे, आपण कशाला बघायचं?"

म्हणजे त्यांनी तिला आमची समजलं होतं, तातयनी तिला त्यांची. बावीस माणसं आणि एक चालक, आणि मधल्या पाऊण तासात कुणालाच तिच्याबद्दल काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"आमची नव्हती ती," मी म्हणाले.

रोवेनाच्या बोटांत फिरणारी किल्ली थांबली. मग तिनं जे विचारलं त्यात रागाचा लवलेश नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

"थांबलो असतो ना गं आपण? दहा मिनिटं?"

८

तातयचा फोन बंद. पुन्हा केला, बंद. हा नियम करायला मी त्यांच्याशी तीन दिवस भांडले होते.

दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळापत्रकाप्रमाणे मिनीबस पावियाला, आमच्या अंगणात, दहा मिनिटांपूर्वीच पोचायला हवी. तातय दार उघडतील. पंखा लावतील. आईच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून बूट काढतील. आणि त्यांच्या मागोमाग गाडीतून उतरून काय आत येईल, याच्यापुढे माझं डोकं जाईना. मी मानत नव्हते. न मानताच मी बाहेर धावले.

टॅक्सी उभी होती. चालकानं उतरून मागचं दार उघडलं. मी आत सरकले. तो दार धरून तसाच उभा राहिला, रस्त्याकडे बघत, दोन क्षण, तीन क्षण.

"अहो चला ना!"

"हो हो, निघालोच." त्यानं दार अलगद लावलं.

"पाविया. सरळ. कुठेही वळू नका."

मी फोनवर फोन करत होते. बंद. नांग बेबिंगला लावला.

"तातयचा काही निरोप?"

"नाही. काय झालं? आवाज का असा तुझा?"

"नांग, एक सांगा. कुणी आधीच निघालं असेल, घरी पोचलं असेल, तर मग काय करायचं?"

पलीकडे खुर्ची करकरली. "घरी पोचलं असेल तर काही नाही करता येत. वाटेतच करायचं असतं ते." मग एकदम, "तू कुठे आहेस? तू कुठे..."

माझ्या फोनची बॅटरी संपली. सकाळपासून आकडे तपासत होते मी त्याच्यावर.

पावियाच्या अलीकडे बाचोयचं, म्हणजे शेवयांच्या रश्श्याचं, दुकान आहे. गरम शेवयांच्या वाफेनं त्याच्या काचा नेहमी धूसर असतात. आमचे सगळे चालक पूर्वी तिथे थांबायचे. मी ते बंद केलं होतं. टॅक्सीचा वेग कमी झाला.

"इथे थांबू का जरा? विमानतळावरून येणारे सगळे इथे एक वाटी खाऊनच जातात. बरं वाटेल." त्यानं आरशात पाहिलं. "दमलेलं दिसतंय."

"नाही!" मी ओरडले. "म्हटलं ना सरळ!"

त्यानं वेग पुन्हा वाढवला. आरसा मात्र त्यानं थोडा वर केला, म्हणजे मागचं दिसू नये असा. माझ्या ओरडण्यानं दुखावला असेल, असं मला वाटलं. मी मान खाली घालून मेलेला फोन दाबत बसले. मधेच गाडीत गारवा वाटला, डाव्या बाजूनं. काच नीट लागत नसेल.

९

अंगण रिकामं होतं.

मी फाटकातच उभी राहिले. मिनीबस नाही. दाराला कुलूप. तातय पोचलेच नव्हते. अपघात, असं पहिल्यांदा मनात आलं. मी कुलूप उघडलं, दार लोटलं आणि तसंच उघडं टाकून पुन्हा फाटकाशी आले. शेजारच्या घरी जाऊन फोन करावा म्हणून निघते आहे तोच मिनीबस वळणावर दिसली.

तातय सावकाश आले. गाडी आत घेतली नाही, बाहेरच भिंतीला लावली. उतरले. शर्टावर रश्श्याचा डाग होता. मला इतकं हायसं वाटलं की मी रडायलाच लागले.

"कुठे होतात? कुठे होतात तुम्ही?"

"बाचोयच्या दुकानात. चाळीस मिनिटं." ते माझी नजर चुकवत म्हणाले. "तुझा नियम मोडला. मोडायलाच हवा होता. गाडीचं दार उघडं ठेवलं, मागवलं, खाल्लं, म्हटलं लोला, आता तुम्ही तुमच्या वाटेनं. मग निघालो."

"बरं केलंत. तातय, मघाशी मी बोलले ते..."

"ते राहू दे." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "दुकानाच्या काचेतून तुझी टॅक्सी जाताना दिसली. मी बाहेर धावलो, हात केला. तू खाली बघत होतीस."

"फोन बघत होते."

"हं. तू पाहिलं नाहीस." ते थांबले. "तिनं पाहिलं."

भिंतीपलीकडे कुणीतरी कपडे झटकत होतं. फट, फट. तो आवाजही थांबला.

"पट्टा सोडलास का तू, इंदाय?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"आणि वाटेत थांबलीस कुठे? पाच मिनिटं तरी? पाणी प्यायला?"

"नाही," मी म्हणाले. "सरळ आले."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मला बाजूला सारून आपल्या मागे घेतलं, आणि मी उघड्या टाकलेल्या दाराकडे बघत, गाडीत प्रवाशांशी बोलतात त्या अदबीच्या आवाजात म्हणाले, "लोला, पट्टा मीच लावला होता तुमचा. कुठे उतरायचं होतं ते सांगा. मी सोडतो. कितीही लांब असो."

आम्ही वाट पाहिली. आत अंधार नव्हता. दुपारचे सव्वातीन वाजले होते, ऊन उंबऱ्याच्या आत हातभर गेलेलं होतं, आणि त्याच्या पलीकडे आईच्या फोटोखालच्या खुर्चीची फक्त एक बाजू दिसत होती.

तीन कोरडे खोकले आले. मग घसा साफ केल्याचा आवाज.

मग ती खुर्ची खिडकीकडे सरकवल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी तिच्यात नीट, सावकाश टेकून बसलं.